खासदारांचं प्रगतिपुस्तक

चि. भाचीबाईंस,


आपल्या खासदारांचं तू केलेलं २०१९ ते २०२४ चं प्रगतिपुस्तक मिळालं. मंडळाच्या अंकात छापायचं म्हणतेस तर जरूर छाप, पण शेवटी दिलेले ते दहापैकी गुण तेवढे काढून टाक.

त्या काळातली हजेरी म्हणजे रजिस्टरमधली सही. सही करून माणूस आत बसला की चहा पिऊन निघाला, ते त्यातून कळत नाही. शेजारच्या मतदारसंघाच्या मंत्र्यांपुढचं शून्यही पुस. मंत्र्यांना ती सही करावी लागत नाही, आणि त्यांचं काम उत्तरं देण्याचं, प्रश्न विचारण्याचं नव्हे. खासगी विधेयकांवरून तर भारावून जाऊच नकोस. १९७० नंतर त्यांतल्या एकाचाही कायदा झालेला नाही.

खरी गंमत प्रश्नांत आहे. लोकसभेत रोज २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न लागतात, तेही सोडतीने. विसांपैकी जेमतेम चार-पाचांची पाळी प्रश्नोत्तरांच्या तासाभरात येते, बाकीच्यांना लेखी उत्तर. सारखे प्रश्न एकत्र केले की एकाखाली पाच-सहा नावं येतात आणि प्रत्येकाच्या खात्यात एकेक जमा होतो. म्हणून आकडा सोड आणि कांद्यावरचा एखादा प्रश्न काढून वाच. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी झाली, तेव्हा आपल्याकडे काय हाल झाले ते तू पाहिलेसच. प्रश्नाला चार-पाच पोटप्रश्न असतात आणि मंत्रालय पुष्कळदा सगळ्यांना मिळून एकच परिच्छेद चिकटवतं. त्यात नेमकं कशाला उत्तर मिळालं नाही, ते पेन्सिलीने खूण करून ठेव. प्रश्न तारांकित असून पाळी आली असेल, तर त्या दिवसाचं कामकाज काढ. खासदारांना पुरवणी प्रश्न विचारता येतो. नेमकी ती खूण केलेली जागा त्यांनी पकडली, की मतदारसंघात येण्याचं आमंत्रण देऊन खाली बसले?

आणि उत्तरात ‘माहिती गोळा केली जात असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल’ असं दिसलं, की थांब. ते आश्वासन धरलं जातं. तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्यावर नजर ठेवायला आश्वासन समिती आहे. विचारणाऱ्याने पुढे त्याचा पाठपुरावा केला का, हा रकाना तुझ्या तक्त्यात नाही. माझ्या मते तोच पहिला हवा.

मतदानाचा रकाना तू ठेवला नाहीस, ठीकच आहे. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानेच मंजूर होतात, नावानिशी नोंद राहत नाही. मतविभागणी झालीच तर पक्षादेश असतो, आणि १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून तो मोडणं म्हणजे खासदारकी पणाला लावणं. त्यापेक्षा स्थायी समित्यांचे अहवाल बघ. बैठका बंद दाराआड होतात, पण अहवालाला जोडलेल्या इतिवृत्तात कोण हजर होतं ते छापलेलं असतं. तिथे कॅमेरा नसतो, म्हणून ती हजेरी मला जास्त खरी वाटते.

आता एकच काम कर. असं एखादं आश्वासन शोध, प्रश्नाचा क्रमांक आणि तारीख घाल, आणि ‘पुढे काय झालं?’ एवढंच विचारणारं पत्र खासदारांच्या संपर्क कार्यालयात देऊन पोच घे. पीए म्हणेल, साहेब दिल्लीला आहेत. जाण्याआधी अधिवेशन चालू आहे का, ते बघून जा.

तुझा,
मामा