पानथरी काढायची की राहू द्यायची?

"डॉक्टर, सीटीत पानथरी फाटलेली दिसतेय आणि तुम्ही नुसते बघत बसणार?" असं एखादे वडील विचारतात तेव्हा मला त्यांचा राग येत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या सगळ्यात नावाजलेल्या सर्जनचंही हेच मत होतं. थिओडोर कोखरला १९०९ साली थायरॉइडवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. पूर्ण थायरॉइड काढली की माणूस मंद होत जातो, हे त्यानं स्वतःच्याच रुग्णांत पाहिलं होतं. तरीही पानथरीला इजा झाली तर ती काढावी, त्यानं काही बिघडत नाही, असं तो लिहून गेला. हाताशी एवढा धडा असताना!

बिघडतं, हे ठळकपणे पुढे यायला १९५२ साल उजाडलं. किंग आणि शुमाकर या अमेरिकन सर्जनांनी पानथरी काढलेल्या पाच तान्ह्या मुलांतल्या गंभीर जंतुसंसर्गाची नोंद केली. न्यूमोकोकससारखे जंतू रक्तातून गाळण्यात पानथरीचा मोठा वाटा असतो. ती नसली तर सकाळचा साधा ताप रात्रीपर्यंत जिवावर बेतू शकतो.

फाटलेली पानथरी न काढताही मूल बरं होतं, हे मांडणाऱ्यांत एक भारतीय नाव आहे. आपल्याकडे ते फारसं घेतलं जात नाही. डॉ. पी. उपाध्याय यांनी टोरोंटोतला अनुभव सिम्पसन यांच्यासह १९६८ मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे भारतात माकडांवर प्रयोगही केले. मुलांच्या पानथरीचं आवरण तुलनेनं जाड असतं, चीर बहुधा मोठ्या रक्तवाहिन्यांना ओलांडत नाही, रक्त गोठून थांबतं. म्हणून सायकलचं हँडल पोटात घुसलेलं किंवा आंब्यावरून पडलेलं पोर आलं की मी स्कॅनवरच्या इजेच्या ग्रेडपेक्षा नाडी आणि रक्तदाबाकडे पाहतो. रक्त देऊनही ते सावरत नसेल, तरच पोट उघडायचं.

रक्ताच्या आजारांत हिशेब वेगळा. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलची मुलं भेटतात. काहींच्या पानथरीत एकाएकी रक्त साठतं. मूल काही तासांत पांढरंफटक पडतं. म्हणून डाव्या बरगडीखाली बोटं कशी फिरवायची, हे आईला शिकवलेलं बरं. असा झटका पुन्हा आला तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. थॅलसेमियात वेळच्या वेळी रक्त आणि लोह उतरवणारी औषधं मिळाली तर ती अनेकदा टळते. प्लेटलेट घसरणाऱ्या आयटीपीत तर बहुतेक मुलं आपणहून बरी होतात, तिथं घाई करणाऱ्यांशी माझं जमत नाही.

शस्त्रक्रिया करायचीच झाली तर शक्यतो मूल पाच वर्षांचं झाल्यावर, आणि न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिब यांच्या लसी किमान दोन आठवडे आधी. आता बहुधा दुर्बिणीतून करतो. पानथरी पिशवीत घालून आतच तिचे तुकडे करतो, कारण एखादा तुकडा पोटात सांडला तर तिथेच रुजतो. कधी जवळपास छोटी जादा पानथरी लपलेली असते. ती राहिली तर रक्ताचा आजार परतू शकतो. तांबड्या पेशी गोल होऊन लवकर फुटतात त्या स्फेरोसायटोसिसमध्ये पित्ताशयात खडे आहेत का, हे सोनोग्राफीत आधीच पाहून घ्यायचं.

टाके सुकले की पालकांना वाटतं, संपलं. मग जंतुसंसर्ग टाळण्यासाठी दिलेल्या पेनिसिलिनच्या गोळ्या बंद होतात. माझ्या मते डिस्चार्जच्या दिवशीचा अर्धा तास ऑपरेशनइतकाच मोलाचा: ताप आला तर घरात पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही, कुत्रा चावला तर रेबीजच्या इंजेक्शनबरोबर अँटिबायोटिकही मागायचं, मलेरियाच्या भागात मच्छरदाणी सोडायची नाही. आणि 'पानथरी काढली आहे' एवढं लिहिलेलं कार्ड दप्तरात कायम ठेवायचं.