दोन वह्या

एका पोरानं निबंधात लिहिलं, ‘सकाळी मी भाकरी खाल्लो आणि शाळेत आलो.’ घरी कन्नड बोलणारं पोर. पूर्वी मी लाल रेघ ओढून मोकळी व्हायचे. पोर खोडून ‘खाल्ली’ करायचं आणि पुढच्याच ओळीत ‘मी चित्र काढलो’ लिहायचं.

आता मी म्हणते, ‘मी’च्या जागी दादाला बसव. ‘दादानं भाकरी खाल्ली, दादा शाळेत आला.’ पोर आपणच थबकतं. एकीकडं ‘दादानं’, दुसरीकडं नुसता ‘दादा’. ‘ने’ लागला की क्रियापद दादाला सोडून खाण्याच्या वस्तूमागं जातं : भाकरी खाल्ली, आंबा खाल्ला, केळं खाल्लं. ‘मी’ मात्र दोन्हीकडं सारखाच दिसतो, तिथं फसगत होते. कन्नडमध्ये क्रियापद खाणाऱ्यालाच धरून राहतं. म्हणजे पोर नियमानंच चाललं होतं, फक्त नियम घरचा होता. ‘कर्मणी प्रयोग’ हे नाव मी यानंतर सांगते.

इचलकरंजीच्या पोरांना दोन वह्या ठाऊक असतात. एक दप्तरातली, दुसरी मागावरची. वहिफणी करणारा बीमाचा एकेक धागा वहीतून, मग फणीतून ओढून घेतो. एक धागा भलत्या घरात गेला की दोष ताग्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतो. दप्तरातल्या वहीतही तसंच, हे इथं फार समजावावं लागत नाही.

मुलींची गोष्ट निराळी. इथल्या मुली ‘मी आलो’ म्हणतात. घरी मीही तसंच म्हणते. ती चूक नव्हे, कोल्हापूरकडची बोली. संवादात ‘आलो’ राहू दे, अर्जात ‘आले’ लिही, एवढंच सांगते. हा फरक कानाला कळावा म्हणून पुलंची व्यक्तिचित्रं वाचून घेते. १९७४ साली याच गावातल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्याकडं अंतू बर्वा आपल्या बोलीत बोलतो आणि लेखक आपल्या.

वाचायचं मोठ्यानं. मागाच्या खडखडाटात वाढलेली माझी पोरं आवाज चढा लावतात, पण वाक्याचा शेवट गिळतात; आणि मराठीत क्रियापद बसतं शेवटीच. म्हणून रोज दहाच ओळी, पण पूर्णविरामापर्यंत आवाज पडू द्यायचा नाही.

शिक्षकमित्रांना एकच विनंती : वहीवर लाल रेघ ओढण्याआधी पोराला विचारा, घरात कोणती भाषा बोलता?