शेंदराला मी निर्धोक म्हणत होते

दगडातून, मातीतून आलेला रंग निर्धोक आणि कारखान्यातून आलेला घातक, हे माझं मत इतकं पक्कं होतं की त्याला पुरावा लागतो असं कधी मनातही आलं नाही. माधवनगरमध्ये मी मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेते. तिथे गेरू, पिवळी माती, शिरगोळ्याची रांगोळी यांना ट्यूबमधल्या रंगांपेक्षा जास्त मान. पालकांनाही सांगत असे, पोरींच्या कपाळाला टिकलीचा गोंद नको, कुंकू लावा, शेंदूर लावा, आपलं जुनं काय वाईट आहे? कुणी विचारलेलं नसताना सांगत असे. आता तेच जास्त खुपतं.

या मताला मी अजिंठ्याचा आधार दिला होता. तिथला तांबडा आणि पिवळा लोहाच्या मातीचा, निळा अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून आलेल्या लाजवर्दाचा, हिरवा आपल्याच काळ्या कातळातला. विहिरीच्या डबरात एखादा दगड असा मिळतो की त्याच्या बारीक पोकळ्यांना आतून हिरवट पापुद्रा धरलेला असतो. तसा एक दगड मी वर्गात ठेवला आहे. पापुद्रा नखाने खरवडून कागदावर घासला की फिकट, शेवाळी रेघ उठते. वाकाटकांच्या काळातले चितारी याच जातीचा हिरवा वापरत, पाचव्या शतकातला रंग अजून भिंतीवर आहे, असं सांगताना माझा ऊर भरून यायचा. आणि त्याच दमात म्हणायचे, बघा, किती शुद्ध!

टिकतो, म्हणजे शुद्ध. ही उडी मी एकदाही तपासली नव्हती.

एका शनिवारी वर्गातल्या मुलीची आई तिच्या धाकटीला घेऊन आली. मारुतीला जाऊन आल्या होत्या. धाकटीचं बोट शेंदराने माखलेलं. "बाई, ही सारखी बोट चाटतीया. काय हुतंय का हिला?" मी हसून म्हणाले, "काही होत नाही हो. दगडातला रंग आहे." त्या निर्धास्त झाल्या आणि गेल्या.

रात्री मात्र ते लाल बोट डोळ्यांसमोरून जाईना. शेंदूर नेमका कुठल्या दगडातला, हे मला सांगता आलं नसतं. रंगद्रव्यांचं जुनं पुस्तक काढलं. शेंदूर कुठल्याच दगडातला नव्हता. शिसं हवेत भाजून केलेली ती लाल पूड. अस्सल शेंदूर म्हणजे शिसंच.

मी बसून राहिले. पुस्तकातलं पान मला नवीन नव्हतं. शिशाच्या रंगांपासून जपायचं, हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही, हे मी शिकताना पाठ केलेलं होतं. पण तो धडा मी तैलरंगांच्या टेबलाशी ठेवला होता आणि शेंदूर देव्हाऱ्यात. मधे दार होतं आणि ते मीच लावून घेतलं होतं. अज्ञान असतं तर स्वतःला माफ करणं सोपं गेलं असतं. मला माहीत होतं, आणि तरी मी एका आईला सांगितलं की काही होत नाही.

शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालतं. त्याचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते हाडांत साठतं आणि वर्षानुवर्षं तिथे राहतं. भिंतीवरचा रंग टिकतो म्हणून मी त्याला शुद्ध म्हणत होते. टिकण्याचा तोच गुण हाडात शिरला की काय होतं, याचा विचारच केला नव्हता.

मग एकेक टेकू निसटत गेला. शेंदूर भट्टीतला म्हणून वाईट म्हणावं, तर हिंगूळ थेट खाणीतला आणि तो पाऱ्याचा. हरताळ, मनशीळ खाणीतलेच, त्यांत आर्सेनिक. सुरमा परंपरेने ज्या चकचकीत दगडाचा, तो शिशाचा. उलट कपड्यांना घालायची निळीची पूड! हिला मी कधी रंगात धरलंच नव्हतं. लाजवर्दातलं निळं द्रव्य 1828 च्या सुमारास युरोपात चिनीमाती, सोडा, गंधक आणि कोळसा भाजून तयार झालं. आपल्या आया चुन्यात कालवून भिंतींना देत ती नीळ याच जातीची. अजिंठ्यातल्या निळ्यापुढे मी हात जोडले आणि दुकानातल्या पुडीकडे नाक मुरडलं. कुंकवाचंही तसंच. आमची सांगली हळदीचं गाव, 2018 साली इथल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. हळदीला चुना लागला की ती लाल होते, जुनं कुंकू असंच होत असे. पण बाजारातल्या लाल पुडीत काय आहे ते न विचारताच मी "कुंकू लावा" म्हणत आले.

दुसऱ्या दिवशी त्या बाईंच्या घरी गेले. उंबऱ्यातच सांगितलं की काल मी चुकीचं बोलले. पोरीला डॉक्टरांकडे न्या, रक्तातलं शिसं तपासता येतं. त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलासा." रागावल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं.

सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिशाची संयुगं वापरायला आपल्या कायद्यानेच मनाई आहे. पूजेच्या दुकानातली पुडी मात्र देवाला म्हणून घरात येते आणि कपाळापर्यंत पोचते. आमच्या सासूबाईंनी विचारलं, "मग मारुतीला काय लावायचं?" मी म्हटलं, मारुतीला लावा, पण हात धुतल्याशिवाय पोराला उचलू नका. त्यांना ते पटलेलं नाही. देवाच्या शेंदराने विटाळ होतो का, असं त्या विचारतात, आणि त्यांच्या श्रद्धेला न दुखवता याचं उत्तर कसं द्यावं हे मला अजून जमलेलं नाही.

गेरू आणि हिरवा दगड वर्गात आहेत. शेंदूर काढला. काम झालं की मुलं हात धुतात. पूर्वी शिकून गेलेल्या मुलींपैकी काहींना आता लेकरं आहेत. त्यांच्या आयांना मी दिलेला सल्ला त्या घरांत अजून चालत असेल. बाजारात, लग्नात जी भेटते तिला बाजूला घेऊन सांगते. सगळ्या भेटणार नाहीत.