फिन्स घेताय? आधी पाय बघा!

आमच्या खान्देशात समुद्र नाही. पोहायला शिकायचं ते विहिरीत, पाठीला सुकलेला भोपळा नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा बांधून. तरी जळगाव-धुळ्याहून मालवण-तारकर्लीला स्कूबा करून आलेले बरेच जण भेटतात. त्यातल्या ज्यांना नाद लागतो त्यांचा प्रश्न ठरलेला, "भो, फिन्स कोणत्या घेऊ?"

पहिलं उत्तर, घाई करू नका. हौसेच्या पहिल्या डाइव्हमध्ये प्रशिक्षक तुम्हाला धरूनच फिरवतो, तिथे स्वतःच्या फिन्स लागत नाहीत. 'ओपन वॉटर'चा कोर्स करून १८ मीटरपर्यंत आपल्या पायांच्या जोरावर जायचं ठरलं, की मग हा विषय सुरू होतो.

फिन्स म्हणजे पायात घालायची वल्हीच. लुई द कोर्लियू या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने १९३३ साली त्यांचं पेटंट घेतलं. पातं मोठं असलं की एका लाथेत जास्त पाणी मागे ढकललं जातं. मग लांब आणि कडक पातं सगळ्यात भारी, नाही का? गोम इथेच आहे. पातं जितकं कडक, तितका भार मांडीवर आणि पोटरीवर. विहिरीत शिकलेला माणूस बरेचदा उभ्यानेच, सायकल मारल्यासारखे गुडघे वाकवून पाय मारतो. फिन्सना हवी असते कमरेतून निघालेली लांब, संथ लाथ. सायकलची सवय आणि कडक पातं एकत्र आलं की पोटरीत गोळा आलाच म्हणून समजा. आणि खाली, प्रवाहात गोळा येणं ही गंमत नाही. माणूस घाबरतो, भराभर श्वास घेतो, टाकीतली हवा झपाट्याने उतरते. (गोळा आलाच तर पात्याचं टोक धरून स्वतःकडे ओढा आणि गुडघा सरळ करा.) म्हणून सुरुवातीला मध्यम लवचिक पातं बरं.

दुसरा निर्णय टाचेचा. 'फुल-फूट' फिन्स चपलेऐवजी बुटासारख्या, अनवाणी घालायच्या. हलक्या, बॅगेत मावणाऱ्या. कोकणच्या कोमट पाण्यात बोटीवरून उतरायचं असेल तर पुरेशा. 'ओपन-हील'ला मागे पट्टा असतो आणि आत निओप्रिनचे बूट घालावे लागतात. खडकाळ किनाऱ्यावरून चालत पाण्यात जायचं असेल किंवा पाणी थंड असेल तर या घ्या, पण माप बूट चढवूनच बघा.

ऑनलाइन मागवल्यात तर घरी खुर्चीवर बसून घाला आणि पाय उचलून हलवा. टाच सटकली तर सैल, बोटं हलेनात तर घट्ट. पंधरा मिनिटं तशाच ठेवा. कुठे टोचलं तर सरळ परत करा, 'वापरून सैल होतील' या भरवशावर राहू नका.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना वाटतं, मशीन महाग घेतलं की प्रोग्राम आपोआप पळेल. तसं नसतं हो. 'पाडी'च्या कोर्सला २०० मीटर नुसतं पोहून दाखवावं लागतं, किंवा मास्क-स्नॉर्केल-फिन्स घालून ३००. मी म्हणेन, २०० चीच तयारी करा. आधी गावातल्या तलावात कमरेतून लाथ मारायला शिका, कोर्सला तिथल्याच फिन्स वापरा, कोणत्या पात्याने पाय दमले नाहीत ते लिहून ठेवा. पैसे त्यानंतर काढा.