होडीत न्यायची दुर्बीण

गोंदिया जिल्हा तलावांचा. चिचगडहून पश्चिमेकडे निघालो की जंगल आणि धानाच्या बांध्या ओलांडीत आपण नवेगाव बांधला पोहोचतो. जुन्या काळी कोहळी समाजाने बांधलेला हा तलाव. भोवतीचे जंगल १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले.

ज्या समाजाला १९२७ साली महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या समाजाची मुले आज होडीत बसून पक्षी पाहायचे म्हणतात, याचा आम्हांला आनंद वाटतो. पण दुर्बिणीला लागतो घामाचा पैसा. तो वाया जाऊ नये.

दुर्बिणीवर ८×४२ असे आकडे असतात. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते तो. दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुकानात आपल्याला १२ पटीची भुरळ पडते. होडीत ती उलटी पडते. धिवर बांधवांचा डोंगा असो की दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याची कयाक, होडी हलतेच. आणि दुर्बीण हेलकावाही तितकाच पट मोठा करते. मग सारस कुठला, नुसती धावती रेघ दिसते. म्हणून ७ किंवा ८ पटीचीच घ्यावी.

आता दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागावे. ८×२५ ला ३ येतात, ८×४२ ला ५, ७×५० ला ७. भागाकार मोठा, तितके पहाटे व सांजवेळी उजळ दिसते. पण ७×५० गळ्यात जड होते. ८×४२ मध्यम, ती पुरते.

नुसती शिंतोडे सोसणारी नको; बुडाली तरी आत पाणी न शिरणारी हवी. आत नायट्रोजन भरलेला असला तर भिंगावर आतून वाफ धरत नाही. पट्टा तरंगणारा घ्यावा. चष्मेवाल्यांनी दुकानात चष्मा लावूनच पाहावे. पूर्ण गोल दिसला पाहिजे. आणि दुर्बिणीआधी प्रत्येकाच्या अंगात तरंगते जाकीट हवे.

एका घराला खर्च झेपत नसेल तर विहारातील चार-पाच कुटुंबांनी मिळून एक घ्यावी, पाळीपाळीने वापरावी.

पावसाळ्यात सारसाची जोडी बांध्यांत, पाणथळीत घरटे करते. माणूस जवळ गेला की ती बिथरते. धम्मवंदनेत आपण ‘एहिपस्सिको’ म्हणतो, म्हणजे या आणि स्वतः पाहा. दुर्बीण असली की हे पाहणे दुरूनच होते, आणि घरटे सुखरूप राहते.