कोरड्या नदीसाठी सनई

येरळा नदी सातारा जिल्ह्यातल्या वडूजवरून खाली उतरते आणि सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. एकाच नदीच्या वाटेवर आपत्तीची दोन टोकं आहेत. वरच्या अंगाला वर्षातले कित्येक महिने पात्रात वाळू आणि बाभळी. खाली ब्रह्मनाळला 8 ऑगस्ट 2019 रोजी पुरातून लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि माणसं बुडाली. त्याच आठवड्यात सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. पुराला तारीख असते, फूट आणि इंच असतात, आवाजही असतो. वरच्या अंगाच्या खटाव-माण तालुक्यांतल्या दुष्काळाला यातलं काहीच नाही. मृग कोरडा जातो, मग आर्द्रा. माणसं परतीच्या पावसावर भिस्त ठेवतात. तोही हुकला की विहिरीचा तळ दिसतो, दावणीतली एकेक जागा रिकामी होते आणि कुटुंबातलं कुणीतरी मुंबईची वाट धरतं. दुष्काळ नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला हे कुणालाच सांगता येत नाही. अशा आपत्तीला संगीताने उत्तर द्यायचं तर ते फुंकून वाजवायच्या वाद्यांनी द्यावं, शब्दांवाचून द्यावं आणि ते इथल्याच सनईवाल्यांनी, बँडवाल्यांनी वाजवावं, असं माझं मत आहे.

शब्दांवाचून का, हे आधी सांगायला हवं. दुष्काळावर आपल्याकडे शब्द कमी नाहीत. धनगरांच्या ओव्यांमध्ये चाऱ्यापाण्यामागची वणवण आहे, जात्यावरच्या ओव्यांमध्ये पावसाची आळवणी आहे, शाहिरांचे पोवाडे आहेत, कथा-कादंबऱ्या आहेत. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आणि तलावांच्या मातीकामावर राबणाऱ्या बायाबापड्यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, आणि विसापूरच्या वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या विचारामुळे त्या घामाला पुढे कायद्याचा आधारही मिळाला. शब्दांनी आपलं काम केलं आहे. पण दुष्काळाबद्दलचा शब्द फार लवकर मागणी होतो नाही तर आश्वासन होतो. भाषणात, निवेदनात, पंचनाम्यात तेच ते शब्द फिरत राहतात आणि पाचव्या वर्षी ऐकणाऱ्याच्या कानावर त्यांचा ओरखडासुद्धा उठत नाही. सुराला आश्वासन देता येत नाही, आणि दुष्काळापुढे हा त्याचा मोठा गुण आहे.

आता सनई. आपल्या भागात माणसाच्या आयुष्याला ती जागोजागी भेटते. हळदीला, देवक बसवताना, वरातीत, वास्तुशांतीला, म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो तेव्हा, पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत. धनगरी गजामध्ये ढोल आणि कैताळाच्या गजरावर तिचाच सूर चढतो. म्हणजे इथल्या माणसाच्या आठवणीत आनंदाचे जे दिवस आहेत त्यांतल्या बहुतेकांना हा एकच आवाज लागलेला आहे. दुष्काळाच्या वर्षी लग्नं लांबणीवर पडतात, जत्रा आवरत्या घेतल्या जातात, सुपारी येत नाही. तेव्हा दुष्काळाचा इथला आवाज कोणता, असं मला विचारलं तर मी म्हणेन, न वाजलेली सनई. संगीतरचना इथून सुरू होऊ शकते.

वाद्याची घडणही या विषयाला जवळची आहे. सनईची पत्ती तोंडात धरून लाळेने ओली केल्याशिवाय ती सूर धरत नाही. कोरड्या पत्तीतून नुसती खरखर निघते. मुख्य सनईच्या शेजारी दुसरा माणूस एकच स्वर धरून बसतो, त्या वाद्यालाही 'सूर' म्हणतात. गालात हवा साठवून, नाकाने श्वास घेत, तो स्वर तुटू न देणं हे त्याचं काम. ऐकणाऱ्याचं लक्ष सगळं मुख्य सनईकडे असतं, पण कस सूर धरणाऱ्याचा लागतो. तंबोऱ्याची तार छेडून सोडली की काही क्षण स्वतः वाजते. मिरजेच्या कारागिरांनी तंतुवाद्यं घडवण्यात हयाती घालवल्या आणि त्यांच्या कामाची थोरवी मोठीच आहे. पण इथे मला तार नको, छाती हवी. दुष्काळ हीसुद्धा दम धरण्याचीच गोष्ट आहे. तो धरणारी माणसं, विशेषतः पाण्याच्या खेपा घालणाऱ्या बायका, सूर धरणाऱ्यासारख्याच मागे बसलेल्या असतात. रचनेत हा धरलेला स्वर मुख्य ठेवावा, सनईच्या फिरती त्याच्या मागे असाव्यात. नेहमीची रीत उलटी होईल, आणि ती तशी व्हायलाच हवी.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. सनई हे मंगलवाद्य. संकटाच्या नावाने ते वाजवणं लोकांना अशुभ वाटेल. पण बिस्मिल्ला खाँ मोहरममध्ये वाराणसीच्या रस्त्यांवरून शहनाईवर नौहा, म्हणजे शोकगीत, वाजवत चालत जात आणि ऐकणारे रडत. लग्नघराला शोभा आणणारं तेच वाद्य, तोच वादक. आपल्याकडेही सगळं आयुष्य जगून गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला काही गावांत वाजतगाजत पोचवतात. मंगल आणि शोक यांच्यामध्ये वाद्याने कधी भिंत घातलेली नाही, ती आपल्या सवयीने घातली आहे.

दुसरा आक्षेप असा, की वाद्यवृंद, क्लॅरिनेट, ट्रम्पेट ही परकी उसनवारी झाली. मला ते पटत नाही. बँड इंग्रजी पलटणींबरोबर आला हे खरं, पण सातारा हा पलटणींत माणसं धाडणारा जिल्हा. इथल्या घरांना त्या बाजाची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि गावोगावच्या बँडपथकांनी क्लॅरिनेटवर लावणी, भजन, हळदीची गाणी केव्हाच बसवली आहेत. परक्या देशांत याच वाद्यांनी आपत्तीला कसं उत्तर दिलं, हे मात्र पाहण्यासारखं आहे. जपानमधल्या 11 मार्च 2011 च्या भूकंपानंतर आणि त्सुनामीनंतर इंग्रज संगीतकार फिलिप स्पार्क यांनी 'द सन विल राइज अगेन' ही वाद्यवृंदाची रचना दिली. मूळची एक जुनी धून त्यांनी त्यासाठी नव्याने बांधली आणि तिची रॉयल्टी जपानच्या रेडक्रॉसला दिली. त्यांच्या हेतूबद्दल आदर आहे. तरी उगवत्या सूर्याचा धीर खटावला लागू पडत नाही. इथे सूर्य रोजच उगवतो, तोच तर प्रश्न आहे. मला अधिक जवळची वाटते ती संगीतकार कारेल हुसा यांची 1970 ची 'अपॉथिऑसिस ऑफ धिस अर्थ'. पृथ्वीच्या नाशावरची ही रचना एकेका स्वरापासून हळूहळू दाटत जाते आणि शेवटच्या भागात वादक वाद्यं बाजूला ठेवून तोंडाने शब्दांचे तुकडे पुटपुटतात. वाद्य बंद पडलं तरी श्वास उरतो, हे तिथे कानाला कळतं. आपल्या वादकांनाही पितळी नळीतून स्वर न काढता नुसती हवा सोडता येईल. चैत्र-वैशाखातल्या माळावरचा वारा याहून वेगळा वाजत नाही.

आणखी एक जण म्हणेल, आता उरमोडी, जिहे-कठापूर, टेंभू या योजनांचं पाणी या भागात येऊ लागलं, उसाचे फड दिसू लागले. आता दुष्काळाचं रडगाणं कशाला? पाणी आलं याचा आनंद आहे, आणि ते प्रत्येक शिवाराला मिळावं. पण एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत वडूजला पाचशेच्या आसपास, ही सह्याद्रीच्या पडछायेची करणी आहे आणि कोणत्याही उपसा योजनेने ती बदलणार नाही. पाणी विजेवर चढून येतं. ते आल्यावर सगळ्यात आधी पुसली जाते ती कोरड्या वर्षांची आठवण, आणि आठवण गेली की पाच एकरांचं पाणी एका एकराला पाजायला हात कचरत नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं. पहिल्या गाडीत 10 वाघिणी, प्रत्येकीत सुमारे 50,000 लिटर. कृष्णाकाठाने तेव्हा दुसऱ्याची तहान पाहिली होती. तीन वर्षांनी तोच काठ बुडाला. येरळेवरच्या रचनेत म्हणूनच उगमाकडची कोरड आणि संगमाकडचा लोंढा दोन्ही हवेत, आणि लोंढा मोठ्या ढोलांनी दाखवू नये. तोच धरलेला स्वर इतकी वाद्यं एकदम उचलतील की श्वास घ्यायला फट राहणार नाही, तेवढ्याने पूर कळेल.

संगीताने विहीर भरत नाही, हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात जड म्हणणं. ते मान्य करूनच पुढे बोलावं लागतं. निदान वाजवणाऱ्याच्या घरी तरी त्यातून काही जावं. सनई, हलगी आणि बँड वाजवणारे कोरवी, घडशी, मातंग अशा समाजांतले कलावंत बहुधा भूमिहीन किंवा अल्पभूधारक. पीक गेलं तर शेतकऱ्याचा पंचनामा होतो, बुडालेल्या सुपाऱ्यांचा होत नाही. तेव्हा ही रचना करवून घ्यायची असेल तर मानधन आधी ठरावं, ते दुष्काळाच्या वर्षी, लग्नसराई रिकामी गेलेल्या महिन्यांत मिळावं, आणि रचनेवर वादकांचं नाव संगीतकाराच्या बरोबरीने असावं. खटाव तालुक्याला गाण्याची जाण नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. औंधचा संगीत महोत्सव 1940 पासून चालत आला आहे. तिथे एका सत्रात सनईवाले आणि बँडवाले बसावेत, आणि नंतर तेच वडूजच्या बाजारपटांगणात आणि ब्रह्मनाळला नदीकाठी वाजवावं. तालमीला दोन महिने पुरतील. स्वरलिपी वाचू न शकणाऱ्या वादकांसाठी रचना तोंडीच शिकवावी लागेल, म्हणून संगीतकार इथे येऊन राहणारा हवा.