जमा-नावे

६ जानेवारी, मंगळवार
आजपासून ही वही. बँकेत छत्तीस वर्षं कीर्द-खतावणी केली, म्हणून सूनबाईनं हे काम माझ्याच गळ्यात घातलं. नातवाला महिना उलटून गेला, रोज चार-पाच वेळा पातळ शी होते. ताप नाही, उलटी नाही, पोट धरून रडणं नाही. दिवसभर साताऱ्याच्या या अंगणात मोटार पळवत असतो. वय दोन वर्षं तीन महिने. डावीकडे जमा, म्हणजे काय खाल्लं. उजवीकडे नावे, म्हणजे काय निघालं. ही म्हणाली, "अहो, वर श्री तरी लिहा." लिहिलं.

७ जानेवारी
नावे: सकाळी ७.१० बांधलेली. ९.४० मऊ. १२.०५ पातळ. ४.३० पाणीच, डायपरच्या बाहेर, माझ्या धोतरावर. ६.५० पुन्हा पाणी. रात्री काही नाही.
पहिली चांगली आणि दिवस चढेल तशी पातळ, असं रोजच दिसतं.

९ जानेवारी
घरात जितकी तोंडं तितकी निदानं. ही म्हणते दाढा येताहेत. शेजारच्या काकू म्हणतात नजर. मुलगा फोन बघून म्हणतो दूध पचत नसेल. शेवटी बहुमतानं ठरलं, पोट हलकं ठेवायचं. दूध बंद, तूप बंद, सायीच्या दह्याऐवजी पाणीदार ताक. दुपारी मऊ भात पुढे ठेवला, तर पठ्ठ्या भाताकडे बघून "तूप कुते?" म्हणून वाटीत बोट फिरवत बसला. अर्धी वाटी तशीच राहिली. डाव्या बाजूला 'भात अर्धा' लिहिताना मला कसंसंच झालं.

११ जानेवारी
आज हातपाय गळाले. सकाळी डायपर उघडलं तर लालभडक. सूनबाई रिक्षा आणायला धावली, मी वही उघडली. काल दुपारी, जमा: बिटाची कोशिंबीर, तीन चमचे. रिक्षावाल्याला परत पाठवलं. वहीचा हा पहिला उपयोग. बीट नसतं, तर मात्र घटकाभरही थांबलो नसतो.

१३ जानेवारी, भोगी
भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी. दूध-तुपाची बंदी अजून चालूच असल्यामुळे त्याच्या भाकरीवर लोणी नाही. भाजी मात्र आवडीनं खाल्ली. संध्याकाळी नावेच्या बाजूला जे आलं ते लिहायला लाज कशाची? मटारचे सात दाणे, अख्खे, हिरवेगार. गाजराचे चौकोन विळीवर चिरले होते तसेच, कडा शाबूत. पावट्याची सालं निराळी. धुऊन पुन्हा फोडणीला टाकावं असा ऐवज. ही म्हणाली, "काही पचतच नाही हो लेकराला." तिचे डोळे भरले. मीही घाबरलो. शी मात्र काल-परवापेक्षा एकदा जास्तच. हलकं खाऊ घालून हिशेब उलटाच चाललाय.

१५ जानेवारी
दवाखाना. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी म्हणून गर्दी कमी. डॉक्टरीणबाईंनी आधी वजन केलं: ११ किलो ९००. जुलैत १० किलो ७०० होतं. "आजोबा, खाल्लेलं पचत नसतं तर हा वाढला असता का?" मटाराबद्दल विचारलं. मटाराचं साल कुणालाच नीट पचत नाही, आपण चावून फोडतो, याच्या मागच्या दाढा अजून यायच्यात. तो गिळतो, आणि आतडी घाईनं पुढे ढकलतात.

मग मी वही पुढे केली. मनातून कौतुकाची अपेक्षा होती, खोटं कशाला बोलू? त्यांनी चार पानं उलटली आणि विचारलं, "हा पितो काय?"

पितो काय! तो रकानाच नव्हता. पिणं म्हणजे पाणी, त्याची काय नोंद करायची? सफरचंदाच्या रसाचा डबा मी सकाळी फिरून येताना आणतो. एक दुपारी, एक संध्याकाळी, दोनशे-दोनशे मिलिलिटर. मधे तहान लागली की सिपरमध्ये तोच रस, पाणी घालून. आजारी लेकराला फळाचा रस, यात वावगं काय? दिवाळीपासून हे चालू आहे, आणि देणारा मी.

बाईंनी समजावलं ते असं. सफरचंदाच्या रसात सॉर्बिटॉल असतं, आणि ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज बरंच जास्त. एवढ्याशा पोटाला ते सगळं शोषून घेता येत नाही. उरलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, पुढे जंतू ती आंबवतात, म्हणून गुबारा आणि पाणी. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर १२० मिलिलिटर रस, आणि मुळीच नसला तरी काही बिघडत नाही. तूप-सायीनं पोट सावकाश रिकामं होतं. ते आम्ही बंद केलं, म्हणजे गाडीचा ब्रेकच काढला. एक ते पाच वर्षांच्या धडधाकट मुलांत हे सर्रास दिसतं, औषध लागत नाही. रस बंद, दूध-तूप चालू, फळ चावून, भाजी-भाकरी, घोटाघोटानं पाणी. शीमध्ये रक्त, ताप, रात्री उठवणारे जुलाब किंवा वजनाची घट दिसली, तर मात्र ताबडतोब या, म्हणाल्या.

छत्तीस वर्षांत एकदाही तेरीज चुकली नव्हती.

१६ जानेवारी
काकूंनी आपुलकीनं एक गोड पेयाचं खोकं आणलं, "हे ओआरएसच आहे." गेल्या ऑक्टोबरात सरकारनं असल्या पेयांच्या नावात ती अक्षरं वापरायला मनाई केली, हे पेपरात वाचलं होतं. हा जुना माल असावा. बाईंनी सांगितलेली साधी पुडी, एक लिटर पाण्यात अख्खी एक, कपाटात आणून ठेवलीय. आत्ता तिची गरज नाही. खरे जुलाब लागून लघवी कमी झाली, डोळे ओढले, तर तिच्यासारखं दुसरं काही नाही.

माझी धाकटी बहीण १९६४च्या पावसाळ्यात हगवणीनं गेली. पाणी दिलं तर आणखी होईल, म्हणून थेंब देत नव्हते. ती तांब्याकडे बघायची. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीसांनी मीठ, साखर, सोडा पाण्यात कालवून पिंपांतून वाटलं, आणि कॉलऱ्यानं दगावणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. मीठ, साखर, पाणी आमच्या घरातही होतं.

१८ जानेवारी
रस बंद होऊन तीन दिवस. आज सिपर माझ्या अंगावर फेकला. मी वाण्याच्या दुकानावरून जाणं सोडलंय, मागच्या बोळातून फिरायला जातो. भातावर दोन चमचे तूप, वाटी चाटून पुसून लख्ख. नावे: चार. पाणी एकदाच.

२१ जानेवारी
नावे: दोन. दुपारची मऊ, पण आकार धरलेली. हिनं मला हाक मारून दाखवली. पन्नास वर्षांच्या संसारात इतक्या कौतुकानं तिनं मला पहिल्यांदाच काही दाखवलं असेल. मटार आहेतच, दाणे चार.

२५ जानेवारी, रथसप्तमी
अंगणात बोरन्हाण. हलव्याचे दागिने घालून पाटावर बसला. डोक्यावरून चुरमुरे, बोरं, गोळ्या ओतल्या, आणि आळीतली पोरं तुटून पडली. सूनबाईची नजर सगळी याच्या तोंडाकडे, मी आपला वही घेऊन पायरीवर.
जमा: सकाळी दूध एक पेला. गूळपोळी अर्धी, तुपासह. बोरं दोन, बिया काढून. उसाचे करवे तीन, माझ्या हातून.